खान्देशात शाकाहार सप्ताह करायचाय? आधी रस्स्याचं बघा

दरवर्षी १ ऑक्टोबर जवळ आला की मोबाईलवर जागतिक शाकाहार दिनाचे मेसेज फिरायला लागतात, त्यावर ब्रोकोली, झुकिनी, लाल-पिवळी ढोबळी मिरची आणि खाली "चला, आठवडाभर शाकाहारी होऊया". आता सांगा, यावल-रावेरच्या बाजारात झुकिनी कोण घेऊन बसतं? आणि समजा कुठून आणलीच, तरी रविवारी मटणाच्या जागी ती वाढली तर आमच्याकडचा माणूस ताटाकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि गपचूप ढाब्याचा रस्ता धरेल. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, घरात, कॉलनीत नाहीतर शाळेत असा सप्ताह करायचा तर कधी करायचा, काय शिजवायचं, किती आणायचं. माझं मत सरळ आहे, खान्देशी माणसाला मटणाचे पीस सोडायला फार जड जात नाही, जड जातो तो काळा झणझणीत रस्सा. रस्सा ताटात राहिला की सात दिवस निघतात.

तारीख आधी ठरवा

जागतिक शाकाहार दिन १९७७ साली नॉर्थ अमेरिकन व्हेजिटेरियन सोसायटीने सुरू केला, पुढच्या वर्षी इंटरनॅशनल व्हेजिटेरियन युनियनने त्याला पाठिंबा दिला, आणि बरेच गट १ ते ७ ऑक्टोबर असा आख्खा आठवडाच पाळतात. इंग्लंडमधली व्हेजिटेरियन सोसायटी तर १८४७ पासूनची आहे, त्यांचा राष्ट्रीय शाकाहार सप्ताह मे महिन्यात असतो. त्यांच्या हवेला मे ठीकच आहे, आपल्याकडे मे म्हणजे ४४-४५ डिग्री, त्यात लग्नसराई, कोणाच्या घरी कोण जेवतंय याचा पत्ता नाही, आणि जेवणात आंब्याचा रस असला की लोकांना बाकी काही दिसत नाही.

ऑक्टोबरचं म्हणाल तर बऱ्याच वर्षी तेव्हाच नवरात्र येतं. घरात घट बसलेले असताना मटण कोण आणतंय? म्हणजे जे लोक आधीच बंद करून बसलेत त्यांनाच आपण सांगायचं की बंद करा. श्रावणाचंही तेच, कानबाई म्हणजे आमची खान्देशातली देवी, तिचे रोट संपेपर्यंत तर विषयच नाही. मार्गशीर्षात गुरुवार असतात, बऱ्याच घरात महिनाभर पाळतात.

मला विचाराल तर पौष धरा, म्हणजे साधारण डिसेंबर शेवट ते जानेवारी. संक्रांत सोडली तर मोठा सण नाही, लग्नं नाहीत, थंडी मस्त असते, भूक दणकून लागते आणि नेमकं तेव्हाच मटणाच्या पार्ट्या जोरात असतात, त्यामुळे सप्ताहाला काहीतरी अर्थ उरतो. आणि भाजीपाला! भरताची वांगी ऐन भरात, कांद्याची पात, मेथी, तुरीच्या ओल्या शेंगा, ओला हरभरा, सगळं स्वस्त आणि ताजं. शाळेला किंवा संस्थेला ऑक्टोबरचीच तारीख पाळायची असेल तर भाषण-पोस्टर ऑक्टोबरात उरका, शिजवायचा कार्यक्रम जानेवारीत ठेवा, कोणी भांडत नाही.

मग कॅलेंडर काढून बसा

हे काम पाच मिनिटांचं आहे पण लोक करतच नाहीत. आपल्याकडे मटण खाणाऱ्या घरांतही सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर साईबाबांचा, शनिवार मारुतीचा, काही घरात मंगळवारही, त्यात एकादशी-चतुर्थी आली की अजून एक वार गेला. म्हणजे सात दिवसांपैकी तीन-चार दिवस तुम्ही तसेही शाकाहारीच असता! खरी परीक्षा बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, शिवाय गावातला बाजारचा दिवस, कारण त्या दिवशी पिशवीतून काहीतरी घरी येतंच. कॅलेंडरवर या दिवसांना पेनाने गोल करा. सगळी ताकद, सगळा मसाला, सगळी मेहनत या तीन-चार दिवसांवर लावायची, बाकीच्या दिवशी नेहमीचं वरण-भात-भाजी-भाकरी चालू द्या. सातही दिवस स्पेशल करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी घरातली बाई वैतागेल आणि तिचं बरोबरच असेल.

सप्ताह सोमवारी सुरू करा, पहिला दिवस फुकटात जातो.

घरात विषय कसा काढायचा

"आजपासून बंद" असं जाहीर करू नका. म्हाताऱ्या माणसांना वाटतं घरात काही विटाळ-बिटाळ पाळायचा निघाला, आणि तरुण पोरांना वाटतं कोणी महाराज भेटले. सरळ सांगा की सात दिवस आपण आपल्याच जुन्या भाज्या करून बघू, बुधवारी पातोड्या, शुक्रवारी शेवभाजी, रविवारी वावरात भरीत. मेनू आधी सांगितला की विरोध निम्मा होतो. आमच्याकडे एक आप्पा आहेत, त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "रस्सा तरी शे ना?" (शे म्हणजे अहिराणीत आहे.) शे म्हटल्यावर विषय संपला.

अजून एक गोष्ट, ही जरा जपून वाचा. आपल्याकडे कोण काय खातं याला जातीचा वास लगेच येतो. माळकरी घर असेल, जैन घर असेल तर त्यांचा शाकाहार पिढ्यांचा, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरात मासळी-कोंबडी हे रोजच्या जगण्यातलं, आणि दोघंही आपापल्या जागी आहेत. सप्ताहात "शाकाहारी म्हणजे शुद्ध" असली भाषा ज्या दिवशी माईकवरून आली त्या दिवशी अर्धी कॉलनी उठून जाईल, आणि जावंच त्यांनी. चव, तब्येत, खर्च यावर बोला. मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात गेलंय, एवढं एक वाक्यही पुरतं.

आठवड्याचं वाटण एकदाच करून ठेवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका. चार-पाच माणसांच्या घरात तीन वेळा रस्सा करायचा तर अंदाजे एक किलो कांदे, दोनशे ग्रॅम सुकं खोबरं, शंभर ग्रॅम लसूण, पन्नास ग्रॅम आलं आणि कोथिंबिरीची एक मोठी जुडी.

कांदे सालासकट विस्तवावर ठेवा, चूल असेल तर उत्तमच, नाहीतर गॅसवर जाळी ठेवून. वरचं साल पूर्ण काळं व्हायला पाहिजे आणि दाबल्यावर आतून मऊ लागला पाहिजे, कढईत चिरून परतलेल्या कांद्याला ती चव येत नाही म्हणजे नाही. खोबऱ्याची वाटीही तशीच आचेवर धरून भाजायची, कडा पेट घेतात, फुंकर मारून विझवायच्या, आणि बाहेरून काळपट-तपकिरी झाली की तुकडे करायचे. जळकं साल काढा, पण सगळं धुऊन काढू नका, थोडा काळेपणा राहू द्या, रंग तिथूनच येतो. मग हे सगळं लसूण-आलं-कोथिंबीर घालून कमीत कमी पाण्यात अगदी बारीक वाटा. पाटा असेल आणि वाटणारं कोणी असेल तर सोन्याहून पिवळं. डब्यात दाबून भरा, वरून दोन चमचे तेल ओता, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस छान राहतं. म्हणजे सोमवारी रात्री केलं तर शुक्रवारपर्यंत चिंता नाही.

आता रस्सा. चार माणसांना चार-पाच मोठे चमचे तेल, हो, तेवढं लागतंच, तेलाला घाबरायचं असेल तर त्या दिवशी मुगाची खिचडी करा. तेल तापलं की वाटणाचा तिसरा भाग घाला आणि मंद आचेवर परतत राहा, दहा-पंधरा मिनिटं, आधी ते गोळा धरतं, मग कढईला चिकटायला बघतं, मग हळूहळू कडेने तेल सोडायला लागतं. तेल सुटल्याशिवाय मसाला टाकायचा नाही. सुटलं की हळद, घरचा काळा मसाला दोन चमचे, नंदुरबारच्या मिरचीचं तिखट एक ते दोन चमचे, झेपेल तसं, अर्धा मिनिट हलवून लगेच चार-पाच वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की तर्री बसते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. मीठ घालून दहा मिनिटं खळखळ उकळू द्या, वर लाल तर्री आली की रस्सा तयार.

याच्यात शुक्रवारी शेव, बुधवारी पातोड्या, आणि कधी वेळच नसेल तर डुबुकवडे.

शेवभाजीला जाड तिखट शेव घ्या, दुकानात "भाजीची शेव" म्हणूनच मागा, बारीक शेव घातली की दोन मिनिटांत लगदा. दीडशे-दोनशे ग्रॅम चार जणांना पुरते. आणि शेव कढईत घालायची नाही, ताटात वाढताना घालायची, ज्याला कुरकुरीत पाहिजे त्याने वरून, ज्याला मऊ पाहिजे त्याने दोन मिनिटं थांबून.

पातोड्यांना एक वाटी बेसन, त्यात ओवा, जिरं, हळद, तिखट, मीठ. फोडणीत दीड वाटी पाणी उकळायला ठेवा आणि बेसन वैरत हलवत राहा, घट्ट गोळा झाला की झाकण ठेवून वाफ काढा. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापा, गार झाल्यावर शंकरपाळ्यासारखं कापा. जेवायच्या पाच मिनिटं आधी रस्स्यात सोडायच्या. डुबुकवड्यांना हेही नको, बेसन जरा घट्टसर भिजवून उकळत्या रस्स्यात चमच्याने सोडायचं, वर तरंगले की झालं.

पाहुणे आले तर काय, हा प्रश्न येणारच, विशेषतः जावई आले तर. जावयाला साधं वरण-भात वाढून सप्ताह सांगायला जाऊ नका. पातोड्यांचा रस्सा करा नाहीतर वरण-बट्टी, बट्टी वाफवून, कापून, तेलात तळलेली, वर तुपाची धार आणि सोबत घोटलेली वांग्याची भाजी, कोणाची हिंमत नाही काही कमी पडलं म्हणायची.

ताकद कुठून येणार, हा दुसरा प्रश्न

कामाला जाणारी माणसं हे हमखास विचारतात, आणि उत्तर आपल्याच पिठाच्या डब्यात आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. आता कळण्याच्या भाकरीचं गणित बघा. तीन किलो ज्वारीला एक किलो अख्खे काळे उडीद, थोडं खडे मीठ, आणि गिरणीवाल्याला सांगून जरा जाडसर दळून आणायचं, प्रमाण घरोघरी वेगळं असतं, कोणी उडीद वाढवतं कोणी कमी करतं. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहाएक ग्रॅम प्रोटीन, उडदात चोवीसच्या आसपास, म्हणजे कळण्याच्या शंभर ग्रॅम पिठात तेरा-साडेतेरा ग्रॅम होतंच. दोन दणदणीत भाकरी खाल्ल्या की दिवसाचा निम्मा कोटा जवळपास तिथेच भरला, वर वाटीभर डाळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही.

आणि ही जोडी नुसती बेरजेची नाही. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी असतं, ते डाळीत भरपूर, मेथिओनिन हा दुसरा घटक डाळीत कमी, ते धान्यात बऱ्यापैकी, एकत्र खाल्लं की दोघांची उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी हे पीठ काही चार्ट बघून ठरवलं नव्हतं, कोरडवाहू वावरात दोन्ही पिकत होतं म्हणून दळलं, पण जमलं झकास. दादर ही आमच्याकडची ज्वारीची जात, ती मिळाली तर तीच घ्या.

भाकरी नको असेल तर एका संध्याकाळी फुनके करा. तुरीची डाळ, त्यात थोडी मुगाची नाहीतर मटकीची, तीन-चार तास भिजवून, हिरवी मिरची-लसूण-जिरं घालून भरड वाटायची, कांदा-कोथिंबीर मिसळून मुठीत लांबट गोळे करायचे आणि चाळणीवर पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. गरम कुस्करून त्यावर कच्चं तेल नाहीतर तूप, सोबत कढी. डाळ नवापूरकडची मिळाली तर बघा, नवापूरच्या तुरीच्या डाळीला २०१६ पासून जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, आहे.

बी-१२ हे जीवनसत्त्व भाज्या-डाळींत मिळत नाही, ते दूध-दही-ताकातून येतं. सात दिवसांनी काही बिघडत नाही, पण कोणी पुढे कायमचं बंद करणार असेल आणि दूधही पीत नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी. आणि पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको, चहामुळे भाजीतलं लोह अंगी कमी लागतं. आमच्याकडे हे ऐकणारा माणूस अजून जन्मायचाय, तरी सांगितलं.

रविवार म्हणजे भरीत, दुसरं काही नाही

रविवार घरात काढायचाच नाही. वावर असेल तर वावरात, नसेल तर ओळखीच्या कोणाच्या मळ्यात, तेही नसेल तर गच्चीवर. पार्टी काढायची तर भरताची काढा.

वांगं जळगावी पाहिजे, हिरवं-पांढरं, मोठं, ज्याला जळगाव भरीत वांगी म्हणून २०१६ सालीच जीआय मिळालंय. आसोदा, भादली, बामणोद या भागातलं मिळालं तर काय सांगावं. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बिया जास्त निघतात. साल चकचकीत, देठ हिरवा, आणि कुठे बारीक भोक दिसलं की ठेवून द्या, आत अळी असते. एका किलोत तीन-चार माणसं धरा. किलोला ७५ ते १०० ग्रॅम हिरव्या मिरच्या, लसणाचे एक-दोन गड्डे, मूठभर शेंगदाणे, पातीच्या कांद्याची एक जुडी, कोथिंबीर, आणि अर्धी वाटी तेल.

भाजायला पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) नाहीतर तुराट्या (तुरीच्या) आणा. वांग्याला तेलाचा हात लावून दोन-चार ठिकाणी टोचे मारा, नाहीतर फुटतं आणि ज्याच्या अंगावर उडतं तो दिवसभर शिव्या देतो. काड्यांचा जाळ भसाभसा होतो आणि लगेच बसतो, म्हणून एकाने सतत काड्या सरकवत राहायचं आणि दुसऱ्याने देठाला धरून वांगी फिरवायची. साल सगळीकडून काळं पडून सुटायला लागलं, वांगं मधून खचलं आणि देठाजवळून रस टिपकायला लागला की झालं. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तो दाबून बघितल्याशिवाय काढू नका. काढल्यावर ताटाखाली पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा, साल हाताने सरसर निघतं. पाण्याखाली धरून सोलू नका, सगळा धुराचा वास वाहून जातो, मग गॅसवरच केलं असतं तर काय बिघडलं होतं?

मिरच्या आणि लसूण थोड्या तेलात परतून घ्या, मीठ टाकून बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, आधी तेच ठेचा, मग वांगी टाकून लाकडी मुसळीने ठोकत राहा. मिक्सर नको, त्याने चिकट होतं. दोऱ्या-दोऱ्या राहिल्या पाहिजेत. मग तेल तापवून त्यात शेंगदाणे तळा, पात परता, ठोकलेलं भरीत त्यात घालून दोन मिनिटं हलवा, कोथिंबीर. बास. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही, कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही तर अजिबात नाही. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, कच्चा कांदा, आणि जेवण झाल्यावर केळी, जळगावात बसून केळी विकत आणायला सांगायची गरज नाही.

कॉलनीत किंवा शाळेत करायचं असेल तर

पन्नास माणसांना तेरा ते पंधरा किलो वांगी, आणि ती दोन दिवस आधी सांगून ठेवा, रविवारी सकाळी बाजारात जाऊन एकसारखी पंधरा किलो मिळत नाहीत. मिरची दोन भांड्यांत वेगळी ठेवा, मुलांचं भरीत कमी तिखट करा. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हे आधी विचारून घ्या, त्यांचं बाजूला काढायचं. भाकरी बचत गटाच्या बायकांना ऑर्डर द्या, त्यांना पैसे वेळेवर द्या, आणि ठोकायचं काम पुरुषांना द्या, पन्नास माणसांचं भरीत ठोकून खांदे भरून येतात. भाषण एकच, दहा मिनिटांचं, जेवणाच्या आधी. नंतर कोणी ऐकत नाही.

बाहेर खायची वेळ आलीच तर ढाब्यावर शेवभाजी मागताना रस्सा वेगळ्या भांड्यातला आहे का हे विचारा, बऱ्याच ठिकाणी पळी एकच फिरते. पॅकबंद वस्तूवर हिरवा ठिपका बघा, केक-बिस्किटावर तर नक्की बघा. अंड्याचं ज्याचं त्याने ठरवावं, यावर घरात भांडण लावू नका.

मधेच कोणी खाऊन आलं तर

येईल. बुधवारी रात्री कोणाच्या तरी मित्राचा फोन येतो आणि साहेब ढाब्यावर. बोलू नका काही, दुसऱ्या दिवशी गुरुवारच आहे, तो आपोआप बंद. शुक्रवारची शेवभाजी मात्र जरा जास्त तर्रीची करा.

सप्ताह संपल्यावर ज्यांना थोडं पुढे न्यायचंय त्यांनी महिन्यातले दोन बाजारचे दिवस धरावेत, एक बाजार सोडून एक, त्या दिवशी पातोड्या नाहीतर डुबुकवडे. किराण्याच्या यादीत काळे उडीद कायमचे लिहून टाका. कळण्याचं पीठ एकदम दळू नका मात्र, पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा, मार्चनंतर ऊन वाढलं की ते लवकर कडू होतं आणि भाकरी थापताना कडेला तडे जातात.